बोडसांची अंतराळाची परीक्षा

गिरीधर बोडसांची अंतराळात जाण्यासाठी निवड झाली होती, म्हणजे जवळजवळ झाली होती. एका खाजगी कंपनीनं सामान्य नागरिकांतल्या सहा जणांना बारा मिनिटांसाठी वर नेऊन आणायचं जाहीर केलं होतं. बोडसांनी जाहिरात पाहून अर्ज भरला. मग चेन्नईतल्या अड्यारच्या एका दवाखान्यात रक्त, डोळे, कान, छाती सगळं तपासून घेतलं आणि साठीच्या मानानं यंत्र ठीक चाललं आहे असा दाखलाही मिळवला.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. उगाच हुरळून जायची सवय नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी पत्नी कौमुदीबाई गेल्या, मागोमाग निवृत्ती आली, आणि सांगण्यासारखं काही घडेनासं झालं. घडलं तरी ऐकणार कोण? वर जाऊन आलो तर निदान कोणीतरी विचारील, "काय हो, कसं होतं?" एवढ्यासाठीच त्यांना जायचं होतं.

शेवटची चाचणी उरली होती. सात दिवस स्वतःच्याच घरात एकट्यानं राहायचं. कंपनीची मुलगी येऊन दिवाणखान्यात कॅमेरा लावून गेली. जाताना तिनं मोबाइल पिशवीत घालून सीलबंद केला आणि पाकिटातल्या जेवणाचं खोकं टेबलावर ठेवलं.

"दार उघडायचं नाही. बाहेरच्या कोणाशी एक शब्दही बोलायचा नाही, बोललात की बाद," ती म्हणाली. "बऱ्याच जणांना तिसरा दिवससुद्धा निघत नाही, सर."

"मला निघेल," बोडस म्हणाले.

"ज्यांना तुमची काळजी वाटेल, त्यांना आजच सांगून ठेवा."

बोडसांनी विचार केला. साताऱ्याच्या बहिणीला नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोन फक्त दिवाळीला. इमारतीत सोळा वर्षं झाली होती, पण ओळख नमस्कारापुरती.

"तसं कोणी नाही," ते म्हणाले. मुलीनं तसं लिहून घेतलं.

पहिला दिवस संपला तेव्हा बोडसांना जरा ओशाळल्यासारखं झालं. कालच्यात आणि आजच्यात काहीच फरक पडला नव्हता. उठले, चहा प्याले, जुनं वर्तमानपत्र पुन्हा वाचलं, झोपले. ज्यासाठी लोकांना चाचण्या द्याव्या लागतात, त्याचा त्यांना तीन वर्षांचा सराव होता.

एकच गोष्ट राहून गेली होती. दूधवाल्या बाईला नको म्हणून सांगितलं नव्हतं. ती रोज पहाटे दाराच्या कडीला पाकिटाची पिशवी अडकवून जात होती. मे महिन्याचं चेन्नई. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यातलं पहिलं पाकीट फुटलं आणि वास समोरच्या दारापर्यंत गेला.

समोर कमलिनी राहायची. तिचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेलं. घरात अजून त्याच काळातली मराठी बोलत. तिनं बेल वाजवली.

"गिरीधरराव, दूध कां घेतलें नाहीं?"

बोडस दाराआड श्वास रोखून उभे राहिले.

"पंखा फिरतो आहे आंत. दार काढा हो."

पाच मिनिटांनी तिच्याबरोबर वॉचमन मुरलीचा आवाज आला. "सार दोन दिवस खाली दिसले नाहीत अम्मा. रोज साडेसहाला गेटपाशी येऊन उभे राहतात. काही बोलत नाहीत, पण येतात."

मुरलीच्या हे लक्षात असेल असं बोडसांना कधी वाटलं नव्हतं. बोलावंसं फार वाटलं. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा समोरच होता. बोलायचं नाही असा नियम होता, लिहायचं नाही असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला आणि कमलिनी मराठी बोलते म्हणून मराठीतच लिहिलं, 'मी बरा आहे. काळजी नको.' चिठ्ठी दाराखालून सरकवली.

बाहेर कागद उलटसुलट होत असल्याचा आवाज आला. कमलिनीच्या घरात मराठी बोलत, पण लिहायला-वाचायला तमिळच, हे बोडसांना सोळा वर्षांत ठाऊक झालं नव्हतं.

"ही हिंदीची अक्षरें," कमलिनी म्हणाली. "आमच्या संयुक्तास पाठवतें. तिनें शाळेंत हिंदी घेतली होती."

सून संयुक्ता, माहेरची तमिळ, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात होती. चिठ्ठीचा फोटो तिकडे गेला. मीटिंगमधून तिनं फोन केला, आणि कमलिनीनं तो मुरलीलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"अम्मा, नीट लागत नाही. एक अक्षर हिंदीत नसतंच," संयुक्ता तमिळमधून सांगत होती. "पण कलेजा असं काहीतरी आहे. कलेजा म्हणजे काळीज. पुढे 'को' आहे. काळजाला काहीतरी होतंय त्यांच्या."

"हार्ट," मुरली म्हणाला आणि जिन्यानं खाली धावला.

आत बोडसांनी दुसरी चिठ्ठी भराभर इंग्रजीत लिहून सरकवली. तोवर मुरली पहार घेऊन परत आला होता आणि चिठ्ठी नेमकी त्याच्या पायाखाली गेली. तिसऱ्या घावाला कडी निखळली. मुरलीपाठोपाठ कमलिनी, तिचे यजमान सेतुमाधव आणि वरच्या मजल्यावरचे दोघे आत आले. थोड्या वेळानं ॲम्ब्युलन्सची माणसंही स्ट्रेचर घेऊन पोचली.

बोडस दिवाणखान्याच्या मधोमध लुंगीवर उभे होते, तोंड घट्ट मिटून. दार उघडलं होतं, पण ते त्यांनी उघडलं नव्हतं. एक शब्दही अजून तोंडातून निघाला नव्हता. कंपनीला समजावता आलं असतं. कागद-पेन दाराशी गर्दीच्या पायांत राहिलं होतं, म्हणून ते हातांनीच सगळ्यांना बाहेर जायची खूण करू लागले.

"बोलता येत नाही," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. "हात झटकतायत. हार्ट नाही, मेंदूचं आहे. धरा त्यांना."

दोघांनी दंड धरले. बोडसांनी मान हलवली, हसूनही दाखवलं. हसू घाबरल्यामुळे एका बाजूलाच आलं आणि मामला आणखी बिघडला. ते निम्मे स्ट्रेचरवर गेले तेव्हा कमलिनी पुढे आली. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"गिरीधरराव, मज ओळखलांत कां?"

तिचे डोळे भरले होते. कौमुदीबाई गेल्या त्यानंतर बोडसांचा हात असा कोणी धरला नव्हता. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ओळखलं, कमलिनीबाई," ते म्हणाले. "मला काही झालेलं नाही."

मग सगळं सांगावं लागलं. ॲम्ब्युलन्सवाले चिडून गेले. मुरली कडीचे तुकडे गोळा करत होता. कमलिनी मात्र अजून उभीच होती.

"सात दिवस कोंडून घेणार, आणि आम्हांस सांगावें असें वाटलें नाहीं?"

"कोणाला सांगायचं, ते सुचलं नाही," बोडस म्हणाले.

सेतुमाधवांनी दुधाची पिशवी उचलली आणि नाक धरून खाली नेली.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. 'चाचणी अपूर्ण. उमेदवाराभोवती माणसांचा वावर प्रमाणाबाहेर आहे. एकांतवासासाठी अयोग्य.' बोडसांनी ते तीनदा वाचलं. बाद झाल्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटेना.

त्या दुपारी कमलिनी आली. इकडेतिकडे पाहत खुर्चीच्या कडेवर टेकली.

"त्या सात दिवसांत स्वयंपाक करणें नाहीं?"

"नाही. पाकिटं देतात."

"कोणी हाक मारीत नाहीं? हें कुठें, तें कुठें, असें कोणी विचारीत नाहीं?"

"कोणीच नाही."

तिच्या घरात आठ माणसं होती. "अर्जाची मुदत गेली काय?"

"गेली. तुम्हाला अंतराळात जायचंय?"

"अंतराळ राहूं द्या," कमलिनी म्हणाली. "मज तेवढे सात दिवस पुरेत."

बोडस तिच्याकडे बघत राहिले. जे त्यांना फुकट मिळालं होतं आणि संपता संपत नव्हतं, ते कोणी मागायला येईल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"सात जमायचे नाहीत," ते म्हणाले. "एक दिवस घ्या. रविवारी इथं बसा, मी तुमच्याकडे जातो."

रविवारी सकाळी कमलिनी एक चटई घेऊन त्यांच्या घरात शिरली आणि तिनं नवी कडी लावून घेतली. बोडस समोर गेले. तिथं दोन्ही नातवंडं टीव्हीच्या रिमोटवरून भांडत होती. संयुक्ता लॅपटॉप मांडीवर घेऊन कोणाला तरी गप्प राहायला सांगत होती. सेतुमाधवांनी काही न विचारता बोडसांच्या हातात शेंगा निवडायला दिल्या.

पानं मांडल्यावर वाढणार कोण, असा प्रश्न निघाला. घरातली सगळी एकमेकांकडे बघू लागली, तेव्हा बोडसच उठले. सात पानांवर भात वाढताना त्यांची त्रेधा उडाली. सांबार एका नातवाच्या गुडघ्यावर गेलं.

कोपऱ्यात कमलिनीच्या नव्वदीच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कमी दिसायचं. "राघोत्तमा," त्यांनी हाक मारली. राघोत्तम हा त्यांचा धाकटा भाऊ, जाऊन वीस वर्षं झाली होती. "राघोत्तमा, मज रसम नाहीं घातलें."

सेतुमाधव काही सांगायला गेले आणि थांबले. म्हातारीनं पुन्हा हाक मारली.

"ओ," बोडस म्हणाले, आणि रसम घेऊन गेले.