मी मातीकाम खोडलं

आमच्या भागातल्या शाळांच्या एकतीस बसगाड्यांचं वेळापत्रक गेली बावीस वर्षं मी आखतोय. त्यामुळे ब्रिटा जेव्हा म्हणाली, "डॅड, सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या कोर्सेसची नोंदणी तू करशील का?" तेव्हा मला हसूच आलं. एका सेमिस्टरचे चार विषय. विस्कॉन्सिनच्या हिमवादळात एकतीस गाड्या वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं?

ब्रिटा आमची एकुलती एक. तिला दातांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी आधी चार वर्षं साधं कॉलेज करायचं, आणि तिथे काय शिकलात, मार्क किती पडले हे पाहून मग डेंटल स्कूलवाले दार उघडतात. उन्हाळाभर ती उत्तरेच्या एका तळ्यावर मुलांना पोहायला शिकवत होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जाताना तिने फ्रिजवर कागद लावला होता : रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी, मातीकाम.

मातीकाम. म्हणजे चाकावर मडकी. मी सोमवारी सात वाजता कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ते खोडून तिथे भौतिकशास्त्र घातलं. (पोरगी लोकांचे दात भरणार आहे, कुंड्या विकणार नाही.)

"कागदावर काय लिहिलंय?" माझी बायको जोलीन मागून म्हणाली.

"रसायन, जीवशास्त्र..."

"त्याच्या खाली."

"खाली तिची सही आहे."

"सहीच्या वर, डेल."

सहीच्या वर 'डॅड, यात काहीही बदलू नकोस' असं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून. पण असल्या सूचना सर्वसाधारण माणसांसाठी असतात. मी बटण दाबलं आणि कॉफी ओतून घेतली. मग त्याच भरात पुढच्या चारही वर्षांचा रंगीत तक्ता केला, प्रवेशपरीक्षा लाल रंगात, आणि गॅरेजच्या भिंतीवर टांगला. ऑफिसात दोघांना त्याचे फोटोही दाखवले.

शनिवारी ब्रिटा घरी आली आणि तक्त्यासमोर उभी राहिली. ती चिडली की आईसारखी सावकाश बोलते.

"डॅड, मातीकाम कुठे आहे?"

"भौतिकशास्त्र घातलंय. तुझं एक वर्ष पुढे नेलं मी."

"डेंटल स्कूलला हात बघतात, डॅड. मेणाची दाढ कोरायला लावतात. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी सांगितलं होतं, हाताला वळण लावणारा एक कोर्स पहिल्याच सेमिस्टरला घे. आणि तीन सायन्स एकदम घेऊन मार्क घसरले, तर ते पुसता येत नाहीत."

तिने फोनवर पाहिलं. मातीकामाला सोळा चाकं, सोळा जागा, आणि सगळ्या भरलेल्या. वेटिंग लिस्टवर ती नववी. ती तडक खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला खरंच फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत माझी एकही गाडी भलत्या शाळेत गेली नव्हती, आणि घरच्याच पोरीला मी चुकीच्या स्टॉपवर उतरवलं होतं.

पण हातपाय गाळणाऱ्यातला मी नाही. सोमवारी कॉलेजला फोन लावला.

"माझ्या मुलीच्या कोर्सबद्दल बोलायचं होतं."

"विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्हाला काहीच सांगता येत नाही."

"अहो, मी तिचा बाप आहे."

"असाल. पण अशी कोणी विद्यार्थिनी इथे आहे की नाही, हेही सांगता येणार नाही."

मग गाडी काढून थेट मातीकामाच्या शेडवरच गेलो. प्रोफेसर हॅलोरन म्हणजे पांढऱ्या वेणीची, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली बाई. तिनेही तोच नियम ऐकवला.

"मग मी फक्त माझ्याबद्दल बोलतो," म्हणालो, आणि सगळा गुन्हा कबूल केला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "तरी खरं सांगा बाई, दातांना मातीचा काय उपयोग?"

तिने मातीचा एक गोळा माझ्यापुढे ठेवला. "एक दाढ करा."

अर्धा तास मी जिभेने स्वतःची दाढ चाचपत होतो आणि बोटांनी गोळा दाबत होतो. शेवटी जे झालं ते मला बऱ्यापैकी वाटलं. प्रोफेसरबाईंनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं.

"याची वरची बाजू कुठली?"

मी दाखवली.

"राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

मी शीळ घालत घरी आलो. "काम फत्ते. बाईंना माझी दाढ आवडली."

"मला जागा कालच मिळाली, डॅड," ब्रिटा म्हणाली. तिने रविवारी प्रोफेसरना स्वतःच मेल पाठवली होती, आणि सोबत साबणाच्या वडीतून कोरलेल्या दाढेचा फोटो. (रविवारपासून मी शाम्पूने अंघोळ का करत होतो, ते आत्ता कळलं.) त्यांनी अडगळीतलं पायाने फिरवायचं जुनं चाक तिच्यासाठी बाहेर काढलं होतं. भौतिकशास्त्र रद्द. म्हणजे मी चिखलात हात घालून गयावया करत होतो, तेव्हा बाईंना सगळं ठाऊक होतं आणि त्या नियम पाळत होत्या.

सप्टेंबरात पहिला आठवडा संपवून ब्रिटा जेवायला आली. सॉसेजं भाजून झाली होती.

"पहिल्याच तासाला बाईंनी मातीची एक वस्तू टेबलावर ठेवली," ती म्हणाली, "आणि हे काय आहे ते ओळखा म्हणाल्या. एकजण म्हणाला, कुस्करलेला बटाटा. एकजण म्हणाली, गाईचा खूर. बाई म्हणाल्या, ही दाढ आहे, आणि हा कोर्स का घ्यावा, याचं एवढं चांगलं उदाहरण मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं."

मी ताटात बघत विचारलं, "कोणी केली ते सांगितलंस का?"

"छे. तुझ्या लेखी परवानगीशिवाय कसं सांगणार?"

जोलीन उठली, फ्रिजवरचा ब्रिटाचा तोच कागद आणि पेन घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "सही खाली कर. आणि या वेळी वरचं वाचून."