टाचेखालची शांती

बोट विकायची हे ठरलं तेव्हा कप्तानांनी बायकोला एकच अट घातली. घेणाऱ्याला आपण बोट विकत घेतोय असं वाटता कामा नये. आपल्याला दीक्षा मिळतेय असं वाटलं पाहिजे.

कप्तान ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. त्याआधी एकतीस वर्षं ते एका सिमेंट कंपनीत खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि तिथे त्यांचा पाण्याशी संबंध फक्त टेबलावरच्या ग्लासापुरता होता. निवृत्तीनंतर त्यांनी राहतं घर विकलं, ही शिडाची बोट घेतली, बायकोला तिच्यात बसवलं आणि उष्ण समुद्रातल्या बेटाबेटांवरून आपण किती मुक्त झालो आहोत याचे व्हिडिओ ते जगाला पाठवू लागले. बायको शाळेत भूगोल शिकवायची. ‘बेटांचे हवामान उष्ण व दमट असते’ हे वाक्य तिने अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्याचा अर्थ तिला बोटीवर आल्यावर कळला. टॉवेल, मीठ, गादी आणि नवरा यांपैकी काहीही तिथे कधी पूर्ण वाळत नसे.

हिंडणंही आता नावालाच उरलं होतं. शीड फाटल्यापासून चौदा महिने बोट एकाच बेटाच्या एकाच खाडीत नांगर टाकून उभी होती. कप्तान एकाच माडाचं चारी बाजूंनी चित्रण करत आणि दर आठवड्याला नव्या बेटावर पोचत. बघणाऱ्यांना पत्ता लागत नसे. माडाला लागला असावा, कारण तो दिवसेंदिवस एका बाजूला कलत चालला होता.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता गिऱ्हाईक यायचं होतं. एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी. दोघांनी कप्तानांचे सगळे व्हिडिओ पाहिले होते, काही दोनदा. सकाळीच बायकोच्या बहिणीचा फोन येऊन गेला होता.

“ताई, शेजारच्या दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत. तळमजला आहे. पण मालक संध्याकाळपर्यंतच थांबतोय गं. मग दुसऱ्याला देणार.”

“फरशी आहे ना?”

“अगं, फरशी नसायला काय झालं?”

“हलत नाही ना?” बायकोने विचारलं.

म्हणजे बोट आजच जायला हवी होती. आणि कप्तानांनी नेमकी आजच अवजारांची पेटी काढली.

भांडी धुवायला समुद्राचं पाणी वर ओढणारा एक पायाने दाबायचा पंप होता. तो आठ महिने ठिबकत होता.

“अहो, आज नका हात लावू त्याला. ठिबकतोय तर ठिबकू द्या. ठिबकण्याने अजून कोणी बुडालेलं नाही.”

“पाहुण्यांसमोर ठिबकणारा पंप? माझी काही इभ्रत आहे की नाही?”

“ती पाहुणे आल्यावर बघू. आधी फळी खाली ठेवा.”

कप्तानांनी जेवणाच्या बाकड्यापुढची तळफळी उचलली. खाली बोटीच्या बुडाला मोठ्या नाण्याएवढं एक भोक होतं, त्यावर झडप होती आणि झडपेवर पंपाची नळी. आधी झडप बंद करायची आणि मग नळी काढायची, इतकं ते काम सोपं होतं. झडप चौदा महिन्यांत कोणी फिरवलेली नव्हती, त्यामुळे ती हलेना. कप्तानांनी तिला हातोडीने समजावलं. दुसऱ्या समजुतीला झडप मुळासकट तुटून त्यांच्या हातात आली आणि भोकातून मनगटाएवढं जाड पाणी वर आलं.

“अगंबाई! हे काय?”

“काही नाही. समुद्र आहे.”

बायको बाकड्यावर बसली आणि तिने उजवी टाच त्या भोकावर दाबली. पाणी थांबलं.

प्रत्येक भोकाशेजारी त्याच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवायची असा बोटींचा नियम आहे. कप्तानांनीही ती बांधली होती. पण व्हिडिओ काढताना मोबाईल उभा राहत नसे, म्हणून त्यांनी खुंटीचं टोक करवतीने सपाट करून तिचा स्टँड बनवला होता. त्यावर मोबाईल छान उभा राहायचा. भोकात ती शिरत नव्हती. मग चिंधी कोंबून पाहिली. ती समुद्राने लगेच परत केली.

“धक्क्यावरच्या दुकानात खुंट्या मिळतात,” बायको म्हणाली. “पाहुण्यांना आणायला जाताय ना? येताना घेऊन या. आधी खुंटी, मग पाहुणे. म्हणून दाखवा.”

“आधी खुंटी, मग पाहुणे.”

“आणि ती चादर द्या इकडे. पायावर घेते.”

अर्ध्या तासाने कप्तान होडीतून परतले. डॉक्टर होते, त्यांची पत्नी होती, कप्तानांच्या चेहऱ्यावर तेज होतं. खुंटी नव्हती.

“अहो, ते आणलंत का?”

“दुकान बंद होतं,” कप्तान तिच्याकडे न बघता म्हणाले.

“कुठलं दुकान सर?” डॉक्टरांनी भाबडेपणाने विचारलं. “सगळी उघडीच होती की! तुम्ही आम्हाला मुक्तीबद्दल सांगत होतात, म्हणून दिसलं नसेल.”

बायकोने टाच थोडी जोरात दाबली, जणू खाली समुद्र नव्हता, दुसरंच कोणीतरी होतं.

डॉक्टरांची पत्नी ऑफिसातल्या थकलेल्या लोकांसाठी मनःशांतीची शिबिरं घ्यायची. तिने हात जोडले. “ताई, उठू नका हं आमच्यासाठी.”

“नाही उठत.”

कप्तानांनी बोट दाखवायला सुरुवात केली. बोट दहा पावलांत संपत असल्याने ते दाखवण्याऐवजी जास्त बोलत होते. फाटलेलं शीड गुंडाळून ठेवलं होतं, त्याला ते ‘विश्रांती घेणारं शीड’ म्हणाले. नवा पंखा आणायला दीड वर्ष टाळाटाळ केली होती, त्याला त्यांनी वाऱ्याशी केलेला करार म्हटलं. डॉक्टर हे सगळं एका छोट्या वहीत उतरवून घेत होते.

डॉक्टरांच्या पत्नीचं मात्र लक्ष बाकड्यावरून हटत नव्हतं.

“ताई, मी मघापासून बघतेय. तुम्ही जराही हलला नाहीत.”

“हलता येत नाही.”

डॉक्टरांच्या पत्नीने डोळे मिटून ते वाक्य आत जाऊ दिलं. “ऐकलंत? ‘हलता येत नाही.’ आमच्या शिबिरात लोक तीन-तीन दिवस बसतात आणि चौथ्या मिनिटाला मोबाईल बघतात!”

“सुरुवातीला हिचंही मन फार धावायचं,” कप्तान म्हणाले.

“आता पाय धावायला बघतोय,” बायको म्हणाली.

पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने चपळाईने डावी टाच उजवीच्या जागी आणली, पण त्या क्षणात चादरीखालून सूंऽ असा आवाज झाला आणि चादर गुडघ्यापर्यंत भिजली.

“हा आवाज कसला?” डॉक्टरांनी विचारलं.

“कधीकधी समुद्र बोटीशी बोलतो,” कप्तान म्हणाले. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात भिंतीच्या फळीवरचा तिचा फोन वाजला. बहीणच असणार. फोन हाताच्या एका वितीपलीकडे होता.

“अहो, द्या तो इकडे.”

कप्तानांनी फोन हातात घेतला, पाहुण्यांना दाखवला आणि बंद केला. “इथे आम्ही फोनचे गुलाम नाही. हिच्यात अजून थोडी आसक्ती आहे, पण जाईल.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. असं ती पूर्वी मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघायची आणि मग तो मुलगा वर्षभर पुढच्या बाकावर बसायचा.

तरी काम झालं. डॉक्टरांनी करारावर सही केली, कप्तानांनी केली, बायकोने चादरीवर कागद ठेवून केली. तिच्या मनात तळमजल्यावरची फरशी चमकली. तिच्यावर ती अनवाणी चालत होती, दोन्ही टाचांनी.

“सर, आता एक विनंती,” डॉक्टर म्हणाले. “बोट आमची झाली, पण दृष्टी अजून तुमचीच आहे. तुम्ही दोघं काही महिने आमच्याबरोबर इथेच राहाल का? शिकवायला?”

बायकोने नकाराची मान हलवायला सुरुवात केली, पण कप्तानांना आपल्या आयुष्यात ‘दृष्टी’ हा शब्द पहिल्यांदाच कोणीतरी चिकटवला होता.

“काही महिने? अहो, वर्षभर राहू! हिलाही इथून निघवणार नाही.”

बायकोने हिशेब केला. चार माणसं, दोन पलंग, एक संडास, त्याला दार नाही, पडदा आहे. हवामान उष्ण व दमट.

“ताई,” डॉक्टरांच्या पत्नीने तेवढ्यात हळूच विचारलं, “तुमच्या जागेवर मला एकदा बसता येईल? पाचच मिनिटं.”

बायकोचा चेहरा उजळला. “पाच मिनिटं का? या ना, अशा इकडे या. चप्पल काढा. पाय चादरीखाली, आणि टाच… थांबा, माझ्या टाचेला लावून सरकवा. हं. आता दाबून धरायची. उचलायची नाही.”

“उचलली तर?”

“सगळं गेलं.”

कप्तानांच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, काय करतेस?” ते पुटपुटले, पण पुढे काय बोलणार? दोन तासांची मुक्ती एका भोकातून गेली असती.

“अहो!” डॉक्टरांची पत्नी नवऱ्याला ओरडून सांगू लागली, “गार लागतंय! खालून काहीतरी मला वर ढकलतंय!”

“ऊर्जा आहे ती,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. “तू हलू नकोस.”

बायकोने फोन घेतला, चपला घातल्या, कपाटातून कपड्यांची पिशवी काढली आणि वर जाऊन होडीत उतरली. कप्तान धापा टाकत कठड्याशी आले.

“अगं, कुठे निघालीस?”

“खुंटी पाठवते कोणाबरोबर तरी.”

“थांब, मीही येतो!”

“आणि त्यांना कोण शिकवणार? तासाभराने टाच बदलायला सांगा. मुंग्या येतात.”

तिने दोरी सोडली. होडी धक्क्याच्या दिशेने सरकू लागली. फोन कानाशी धरून ती म्हणत होती, “हो, त्या मालकाला हो म्हण. नाही गं, मी एकटीच. त्यांना शिष्य मिळालेत.”

“अगं, पण येशील केव्हा?” कप्तान ओरडले.

तिने फोन मांडीवर ठेवून वल्ही हातात घेतली.

“काय म्हणताय? मोटरच्या आवाजात काही ऐकू येत नाहीये!” ती म्हणाली, आणि जोरजोरात वल्ही मारू लागली. होडीला मोटर नव्हतीच.