रंग विचारणारे नामदेवभाऊ

मुतारीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला नामदेवभाऊ एकच प्रश्न विचारायचे, "रंग कोनता?"

वर्ध्याजवळच्या या सळयांच्या कारखान्यात मी नवीन होतो. आठवीत सुटलेली शाळा, सांगलीकडं राहिलेलं गाव, आणि पहिल्याच दिवशी हा सवाल. शर्टाचं विचारतायत असं वाटून मी भीत भीत म्हणालो, "निळा." भाऊंनी मला आधी दवाखान्यातच न्यायचं ठरवलं होतं.

नामदेवभाऊ जवळच्याच आंजी गावचे. भट्टीपुढं उभा जन्म गेलेला. त्यांचं शास्त्र सरळ होतं. लघवीचा रंग ताकाच्या निवळीसारखा असला तर कामावर जा. जवसाच्या तेलासारखा असला तर दोन लोटे मीठपाणी. कोरा चहा असला तर तासभर कडुनिंबाखाली. साहेबाच्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. खोटं बोललेलं मात्र अजिबात खपायचं नाही. मला त्यांचं विचारणं आवडायचं. एवढ्या लांब माझी चौकशी दुसरं कोण करणार?

मे महिन्यात ठेकेदारानं सांगून टाकलं, भट्टी सोडून सावलीत बसेल त्याला उद्यापासून गेट बंद. माझी दोन लेकरं गावी. त्या दिवशी माझा रंग कोऱ्या चहाचा होता. मी सांगितलं, ताक.

दुपारी चिमट्यात लाल सळई धरली होती. अंगाचा घाम एकदम थांबला, उगाच हसू यायला लागलं. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पाण्याच्या टाकीपाशी ओलाचिंब बसलेलो, भाऊ माझी मान धरून. तेवढ्यात ठेकेदार येताना दिसला. भाऊंनी लोटाभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून सरळ आडवे झाले.

कोण पडलं, ठेकेदारानं विचारलं.

"मी पडलो जी," भाऊ म्हणाले. "यानं मले धरलं म्हनून वाचलो."

बाकीचे आपापल्या चिमट्यांकडं वळले. ठेकेदारानं भाऊंच्या पिकल्या केसांकडं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर खुर्ची दिली.

मी गेटवर पाया पडायला गेलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. मी म्हणालो, इथं सावली आहे, पंखा आहे, बरंच झालं.

"थंड हाय," ते म्हणाले. "घरीबी थंडच हाय. बोलाले मानूस फक्त तिकडं भट्टीवरच भेटे."

आता जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गेटवर जातो. गेट लांब आहे. अर्धी सुट्टी चालण्यातच जाते.