मोरोपंतांना दवाखाना विकायचा होता

डॉक्टर मोरोपंत दहीगावकरांना अकोल्यातला आपला दातांचा दवाखाना विकायचा होता, आणि गेली कितीतरी वर्षं तो विकायचाच होता. चहाचा कप पुढे ठेवत इंदूबाईंनी "मग, काय ठरलं?" असं विचारलं, की मोरोपंतांकडे उत्तर तयार असे. हिवाळ्यात ते म्हणत, आत्ता कापसाच्या गाड्या बाजारात येताहेत; कास्तकार कापूस विकतो आणि तसाच दात काढून घ्यायला येतो, अशा हंगामात कोणी दवाखाना विकतं का? उन्हाळ्यात लग्नसराई आडवी येई. व्याह्यांच्या पंगतीत बोळक्या तोंडानं बसायला कोणी राजी नसे, म्हणून कवळ्यांची घाई. पावसाळ्यात मात्र दवाखान्यात चिटपाखरू फिरकत नसे, आणि रिकामा दवाखाना विकायला काढला तर लोक काय म्हणतील, हे कारण पुरे.

"लोकांची तोंडं बारा महिने उघडीच राहणार," इंदूबाई म्हणत. "आपण अमरावतीला कधी जायचं?"

अमरावतीला त्यांची लेक कुंदा दिली होती. नातवंडं बडनेऱ्याच्या स्टेशनवर आजोबांना घ्यायला येत आणि दोन दिवसांत त्यांना परत पोचवायलाही येत, कारण मोरोपंतांचा जीव अकोल्यात अडकलेला असे. त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा अख्ख्या पेठेत दातांचा असा हा एकच डॉक्टर. पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र, उंच पाठीची खुर्ची आणि लवंगेच्या तेलाचा वास. तो वास त्यांच्या कोटाला होता, तसाच घरातल्या उशांनाही होता.

एकसष्ट साली बाळापूरचा उद्धव मुंबईहून दातांची डॉक्टरी शिकून आला. त्यानं नम्रपणे विचारलं, दवाखाना द्याल का? मोरोपंतांना त्या घटकेला कारण सुचलं नाही. "सोमवारी येऊन बघून जा," एवढं ते बोलून गेले.

मोरोपंतांची एक सवय होती. मनातलं बोलायचं तर ज्याचं तोंड भरलेलं आहे अशा माणसाशीच बोलायचं. रविवारी जानराव कवळीचं माप द्यायला आले. जानराव कापूसबाजारातले मोठे अडत्ये. त्यांच्या तोंडात माप घ्यायचा मसाला घट्ट बसवून मोरोपंतांनी सगळं सांगून टाकलं: उद्या दवाखान्याला गिऱ्हाईक येतंय, बहुतेक हे शेवटचंच, कोणाला बोलू नका. जानरावांना हूं की चूं करता आलं नाही. मसाला निघाला तसे ते चूळ भरून मुकाट्यानं उठले आणि थेट बाजारात गेले.

सोमवारी सकाळी ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. वर्षानुवर्षं उद्यावर ढकललेला प्रत्येक दात त्या दिवशी हजर झाला. डॉक्टर चालले, मग नवा पोरगा काय करील कोण जाणे, असं जो तो म्हणत होता. मोरोपंतांना भरून आलं. धंदा इतका जोरात असताना विकणं म्हणजे वेडेपणा, असं त्यांनी आत जाऊन इंदूबाईंना ऐकवलं. इंदूबाई ट्रंकेत लुगडी भरत होत्या. त्यांनी झाकण जरा जोरात लावलं.

तेवढ्यात उद्धव आला. बघायला आलेला माणूस गर्दी पाहून बाह्या सारून उभा राहिला, पण त्याच्याकडे तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं. त्यानं नुसतं पाणी द्यावं आणि कापूस लावावा.

अकोल्याजवळच्या तिवशाहून आलेल्या पार्वताबाईंची पाळी लागेपर्यंत मोरोपंत यंत्राचा पायटा पाय बदलून बदलून मारायला लागले होते, आणि कोणाला दिसू नये म्हणून उजवा हात मधूनमधून कोटाच्या खिशात घालत होते. त्यांनी सुई दिली, दाढ काढली, पार्वताबाई तोंडाला पदर लावून ओसरीवर जावयाच्या गाडीची वाट बघत बसल्या. दुपार टळली, सुईचा अंमल उतरला आणि त्या पुन्हा आत आल्या.

"डाक्टरसायेब, दुखते ते दाढ त तोंडातच हाये."

मोरोपंतांनी पाहिलं. काढली होती ती शेजारची. तशी तीही हलतच होती, पण एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि चूक आपली आहे हे पार्वताबाईंना स्वच्छ सांगितलं. दुसरी या नव्या डॉक्टरांकडून काढून घ्या, अशी विनवणीही केली.

पार्वताबाई खुर्चीत बसत म्हणाल्या, "चुकते मानूस. पन हात तुमचाच पायजे. या पोरापुढं मी तोंड नाई उघडत."

असं म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं. मोरोपंतांनी चिमटा उचलला. चिमटा बशीवर नुसता वाजत राहिला. त्यांनी तो उद्धवच्या हातात दिला, आपण खुर्चीमागे गेले, पार्वताबाईंचं डोकं डाव्या हातानं धरलं आणि तिवशाकडे यंदा तूर कशी आहे, जावयानं नवी बैलजोडी कुठून आणली, अशा चौकशा सुरू केल्या. उद्धवनं सुई दिली, थोडा थांबला, आणि बैलांची शिंगं कशी आहेत हे मोरोपंत विचारत होते तोवर दाढ बशीत पडली. चिमटा खाली ठेवून तो हात धुवायला गेला.

पार्वताबाईंनी डोळे उघडले, जिभेनं चाचपून पाहिलं.

"पाह्यलं? म्हनून मी म्हनत होती. या पोराच्यानं हे जमलं असतं काय?"

"नसतं जमलं, मावशी," उद्धव पाठमोराच म्हणाला.

मोरोपंतांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आत जाऊन इंदूबाईंना म्हणाले, "कुंदाला कळव. आपण येतोय. या खेपेला परत पोचवायला लागणार नाही म्हणावं."