रकाना क्रमांक सहा

रविवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मांडवीच्या किनाऱ्यावर कुमारी राही, वय वर्षे पाच, ही काळ्या वाळूत आडवी झाली. कारण अगदी साधं होतं. तिच्या बाबांनी भाजलेलं कणीस दोघांत वाटून घेण्यासाठी मधोमध मोडलं होतं आणि राहीला ते पुन्हा अख्खं करून हवं होतं.

तिचे बाबा नितेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत यंत्रं दुरुस्त करायचे. परंतु मोडलेलं कणीस जोडण्याची सोय त्यांच्या विभागात नव्हती, आणि तसं त्यांनी मुलीला प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर राहीने जो सूर लावला तो ऐकून जेट्टीच्या टोकाला गळ टाकून बसलेल्या माणसानेही मान वळवली.

पुढच्या चार मिनिटांत सात अनोळखी व्यक्तींनी मिळून नऊ सूचना केल्या. एकाने मुलीच्या एक ठेवून द्यायला सांगितलं. दुसऱ्याने मुलांवर हात उगारणाऱ्या आईबापांचा निषेध केला. तिसरीच्या मते हे सगळं मोबाईलमुळे होतं, चौथीच्या मते पोरीला जंत झाले होते. पाचव्या गृहस्थांनी काहीच न बोलता नुसतं ‘च्च’ केलं, आणि आई मृणालीला सगळ्यांत जास्त तेच लागलं.

त्यानंतरचे तीन रविवार मृणालीने राहीला घराबाहेर काढलं नाही. चौथ्या रविवारी राहीने जेवताना सहज विचारलं, “आई, मी घरी चांगली असते आणि मांडवीला वाईट होते का?”

मृणालीने हातातला घास ताटात ठेवला. नोकरीत तिने आजवर पुष्कळ गोष्टी मुकाट्याने ऐकून घेतल्या होत्या, पण ही तिला ऐकवेना. पोरीला पुन्हा मांडवीला न्यायचं, मनसोक्त हिंडू द्यायचं, आणि कोणाचं ‘च्च’ तिच्या कानावर पडू द्यायचं नाही, असं तिने त्याच जेवणावर ठरवलं.

मृणाली एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळायची. बारा वर्षांच्या सेवेत एक गोष्ट तिला पक्की कळली होती: एखाद्या गोष्टीसाठी वही केली की ती गोष्ट बंद पडते. त्यांच्या कार्यालयात पूर्वी लोक दिवसभर तोंडी तक्रारी करत. मग साहेबांनी तक्रारवही ठेवली, तिच्यात नाव, पत्ता आणि सही मागितली, आणि तेव्हापासून जनता कमालीची समाधानी होती. वहीत नऊ वर्षांत एकच नोंद झाली होती, आणि तीही पेन चालतं का ते बघण्यासाठी.

तेव्हा मृणालीने दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: ‘राहीच्या वर्तणुकीबाबत प्राप्त सूचनांची नोंदवही’. रकाने सात. अनुक्रमांक, दिनांक व स्थळ, सूचना देणाऱ्याचे नाव, पत्ता व मोबाईल, सूचनेचा तपशील, मुलीशी नाते, आणि सही. खरी मेख सहाव्या रकान्यात होती. ‘मुलीशी नाते: काही नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहायची वेळ आली की माणूस शरमेल आणि सूचना गिळून टाकेल, असा तिचा हिशेब होता.

हिशेब चोख होता. फक्त तो रत्नागिरीत केला होता, एवढंच चुकलं.

वहीचा पहिला प्रयोग बसस्थानकावर झाला. मृणाली राहीला घेऊन माहेरी, संगमेश्वरला निघाली होती. गाडीला उशीर होता. राही बाकावर बसलेल्या प्रत्येक प्रवाशापुढे उभी राहून त्याच्या पोटाला बोट लावत होती आणि आत बाळ आहे का, अशी चौकशी करत होती. चौथे प्रवासी इस्त्रीच्या कपड्यांतले एक जाडजूड गृहस्थ होते.

“काय हो, मुलीला काही वळण?” ते म्हणाले.

“आहे ना. आपण जरा एवढं भरून द्या,” असं म्हणत मृणालीने वही आणि पेन पुढे केलं. गृहस्थांनी एकेक रकाना वाचला. सहाव्यापाशी त्यांचा चेहरा पडला. “माझी गाडी लागली वाटतं,” असं पुटपुटत ते गुहागरच्या गाडीत चढले. वास्तविक थोड्या वेळापूर्वी ते कोणाला तरी आपण लांज्याला निघाल्याचं सांगत होते.

मृणालीला त्या क्षणी इतका आनंद झाला की तिने राहीला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. पण बाकाच्या टोकाला सावित्री नावाच्या एक काकू बसल्या होत्या. पासष्टीच्या, मांडीवर पिशवी, डोळ्यांवर चष्मा, आणि वेळच वेळ.

“बघू ती वही,” त्या म्हणाल्या. “माझी पण सूचना आहे. पोरगी अनवाणी फिरत्ये.” पाच रकाने त्यांनी झरझर भरले आणि सहाव्यापाशी चष्मा वर केला. “नातं होय? थांब हां. तू कोणाची गो?”

मृणालीने माहेरचं आडनाव सांगितलं. मग सासरचं. मग सासऱ्यांचं मूळ गाव, सासूचं माहेर, आणि सासूच्या आईचं माहेर. काकू डोळे मिटून एकेक पिढी मागे जात होत्या. सहाव्या मिनिटाला त्यांनी मांडीवर थाप मारली.

“अगो, म्हणजे तुझी आजेसासू आमच्या वरच्या घरातल्या भावजयीची सख्खी मावसबहीण! मग मी ह्या पोरीची आजीच की झाल्ये!” आणि त्यांनी सहाव्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘आजी’ असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

तिथून सगळं बिनसलं. पाठीमागे उभ्या असलेल्या बाईचं नातं चार मिनिटांत लागलं. तिच्या यजमानांचं दोन मिनिटांत लागलं, कारण निम्मी वाट बायकोने आधीच काढून ठेवली होती. महिना संपेपर्यंत वहीत चौसष्ट नोंदी झाल्या. त्यांतले एकसष्ट जण रीतसर नातेवाईक निघाले, दोघांनी ‘चौकशी चालू आहे’ असं लिहिलं, आणि एकाने नातं न लागल्याबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त केली. नोंद क्रमांक बारामध्ये मुलगी फार बोलते असं म्हटलं होतं, नोंद क्रमांक तेरामध्ये ती मुळीच बोलत नाही, डॉक्टरांना दाखवा, असं होतं. दोन्ही नोंदी एकाच बसमधल्या, एकाच फेरीच्या होत्या.

परका माणूस टोमणा मारून निघून जातो. नातेवाईकाला मात्र हक्क असतो. दुसऱ्या महिन्यात मृणालीला फोन यायला लागले. “माझ्या सूचनेचं पुढे काय झालं?” मृणाली हाडाची कर्मचारी. तिने पट्टी घेतली आणि आठवा रकाना आखला: ‘केलेली कार्यवाही’. हा रकाना रिकामा दिसताच नातेवाईक दुखावले. त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘राही वर्तणूक (अधिकृत)’ नावाचा समूह काढला. आठ दिवसांत भांडण होऊन ‘राही वर्तणूक (खरा अधिकृत)’ निघाला. शेवटी दोन्ही समूहांनी मिळून एक समिती नेमली आणि अध्यक्षपदी विनीतरावांना बसवलं. विनीतराव सावित्रीकाकूंचे मामेभाऊ. नुकतेच निवृत्त झाले होते आणि ज्याला अध्यक्ष लागेल अशी एखादी गोष्ट शोधतच होते.

समितीने पहिल्याच बैठकीत नियमावली केली. सार्वजनिक ठिकाणी रडणे: कमाल चाळीस सेकंद. जमिनीवर लोळणे: सात दिवस आधी लेखी अर्ज. अनोळखी व्यक्तीस प्रश्न विचारणे: एका दिवशी एक, पोटाविषयी नाही. राहीने समितीकडून वर्तणूक दाखला मिळवावा आणि तो मिळेपर्यंत तिला मांडवीस नेऊ नये, असंही एकमताने ठरलं. दाखल्यासाठी येत्या रविवारी दुपारी चार वाजता समाजमंदिरात सुनावणी होती.

“म्हणजे आपणच वही करून आपल्याच पोरीला घरात कोंडलं,” नितेश म्हणाला. मृणालीला रडू येत होतं, आणि चाळीस सेकंदांत ते आवरणार नव्हतं.

सुनावणीला सत्तरेक माणसं जमली. राही मात्र खुशीत होती. एका खोलीत एवढे आजी-आजोबा तिने पाहिले नव्हते. ती पहिल्या रांगेपासून प्रत्येकाचं पोट तपासत निघाली. मृणाली कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसली होती, कारण तिच्याइतकं चांगलं अक्षर समितीत कोणाचं नव्हतं.

विनीतरावांनी घसा साफ केला तोच दारात बकुळामावशी उभी राहिली. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर माशांची पाटी. या गावात आणि आसपासच्या वाड्यांत साठ-बासष्ट वर्षं तिने दारोदार मासळी विकली होती. मागल्या दारी बसून तिने प्रत्येक घराचं सुख, दुःख आणि रडणारी पोरं बघितली होती.

“आत कसली गर्दी गो?” तिने विचारलं.

“मुलीच्या वागणुकीबद्दल सूचना आहेत,” विनीतराव म्हणाले. “तुमची काही असेल तर वहीत लिहा. आधी नातं सांगा.”

“नातं? मी कोण नाय हिची. मी म्हावरं विकतंय.” तिने पाटी खाली ठेवली. “लिव गो बाय. नातं, काय नाय.”

मृणालीचं पेन क्षणभर थांबलं. ज्या शब्दांसाठी तिने ती वही आखली होती, ते पासष्टाव्या नोंदीत पहिल्यांदाच आले होते.

“आणि सूचना?” अध्यक्षांनी विचारलं.

“सूचना कसली? माका आपली आठवण झाली.” मावशीने विनीतरावांना खालवर न्याहाळलं. “तू विन्या ना रे? सा वर्षांचा असशील. आयशीनं कुर्ल्यांचा सार केलान, आनि तू लोळण घेतलीस. का, तर शिजलेला कुर्ला परत चालवून दाखवा! अडीच तास रडत व्हतास. शेवटी मी पाटीतला जिता कुर्ला अंगणात सोडला, तवा गप झालास.”

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी दाराकडे नजर टाकली. राही तेवढी पुढे आली आणि आदराने विनीतरावांकडे पाहत तिने विचारलं, “मग तो खेकडा चालला?”

“आनि ही सावित्री,” मावशी आता रंगात आली होती. “फ्रॉक नको म्हनून उघडीच पळत सुटली व्हती, पार तिठ्यापर्यंत. हिचा बापूस फ्रॉक घेऊन मागनं. आनि त्यो मागं लपलाय ना, त्यानं तर कंडक्टरला...”

“मावशी, थांबा,” मृणाली म्हणाली. सगळ्यांना हायसं वाटलं. मृणालीने पान उलटलं. “जरा सावकाश सांगा. लिहून घेत्ये. ‘तिठ्यापर्यंत’ झालं. पुढे?”

यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. बैठकीत जे बोललं जातं ते इतिवृत्तात येतं, असा नियमच आहे. पण विनीतरावांनी घाईघाईने गणसंख्या मोजली आणि ती अपुरी असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी सत्तरांपैकी बासष्ट माणसं खोलीत होती. पुढच्या अकरा मिनिटांत तिथे चौघंच उरली: राही, तिचे आईबाबा, आणि पाटीतल्या बांगड्यांवरच्या माशा वारणारी बकुळामावशी. मावशीचं अजून पहिल्या रांगेपर्यंतच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मृणालीच्या दारात रांग लागली. नातं कायम राहिलं की पुढची बैठक आली, आणि मावशीच्या पुढच्या रांगा अजून बाकी होत्या. सावित्रीकाकू सगळ्यांत आधी आल्या.

“अगो, ते नातं मी चुकून लिहिलं. तुझी आजेसासू ती वेगळी. आमची मावसबहीण निराळीच.”

“दुरुस्ती करायची असेल तर जुना मजकूर एका रेघेने खोडून समोर सही करावी लागेल, काकू.”

काकूंनी ‘आजी’ खोडलं आणि तिथे ‘काही नाही’ असं लिहून सही केली. आठवड्याभरात एकसष्टच्या एकसष्ट नाती लेखी सुटली. विनीतराव सगळ्यांत शेवटी आले. सही झाल्यावर त्यांनी पिशवीतून राहीसाठी आंबापोळी काढून दिली आणि हळूच सांगितलं, “चालला होता हो. चांगला तुळशीपर्यंत गेला होता.”

त्या रविवारी तिघं मांडवीला गेली. मृणालीच्या खांद्याच्या पिशवीतून वहीचा कोपरा बाहेर डोकावत होता. सहा चाळीसला सूर्य पाण्यात बुडाला आणि राही वाळूत आडवी झाली. तिला सूर्य परत वर काढून हवा होता.

एव्हाना वहीची कीर्ती गावभर झाली होती. आजूबाजूच्या सात माणसांनी तिचा कोपरा पाहिला. सातही जण समुद्राकडे बघू लागले. “आज वारा छान आहे,” असं एकजण दुसऱ्याला म्हणाला. मृणालीने चपला काढल्या आणि ती लेकीशेजारी वाळूत सरळ पाठ टेकून पडली. बारा वर्षांच्या सेवेत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. राही पाच-सहा मिनिटं रडली, मग आईच्या पोटाला बोट लावून म्हणाली, “उद्या येईल ना गो तो?”

वही अजून मृणालीजवळ आहे आणि तिच्यात पुष्कळ पानं कोरी आहेत. तेव्हा ही हकिगत वाचताना, ‘ते सगळं खरं, पण पोरीला थोडं वळण हवंच’ असं आपल्या मनात आलं असेल, तर आपण जरूर यावं. आपली नोंद घेतली जाईल. फक्त निघण्यापूर्वी घरी आईला एक फोन करून, आपल्या लहानपणी मागल्या दारी मासळी द्यायला कोण यायचं, तेवढं विचारून घ्यावं.