जनरेटरवरची मुलाखत

सूनबाईंचा जीव मुळातच चिमणीएवढा. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असूनही ती झाली की त्या दचकायच्या. अशा बाईंनी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या नोकरीसाठी अर्ज केला, यात नवल ते काय? नोकरी शोधून चपला झिजल्या होत्या. आता ही हातची जाऊन चालणार नव्हती.

मुलाखत दुपारी, लॅपटॉपवर. आणि सकाळच्या वादळात वीज गेलेली.

"घाबरतेस काय? जनरेटर आहे ना!" नवरोबा म्हणाले. तो त्यांनी हौसेने आणला होता आणि पॅनेलशेजारी वायरमनकडून रीतसर चेंजओव्हर बसवून घेतला होता. दांडा वर असला की बाहेरची वीज, खाली ओढला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. (हे शेवटचं वाक्य सूनबाईंनी वायरमनकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं.)

नवरोबा अंगणात जनरेटरची दोरी खेचू लागले. दांड्याची कामगिरी सूनबाईंवर आली. रबरी चपला घालून त्या लाकडी स्टुलावर चढल्या आणि हाताने शिवायला नको म्हणून त्यांनी लाटणं उगारलं.

"अगं, वीज आहे ती, चोर नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि डोळे उघड आधी!"

"उघडेच आहेत, आई," सूनबाई डोळे गच्च मिटून म्हणाल्या.

अंगणात जनरेटर धडधडला. सूनबाई दचकल्या, लाटणं दांड्यावर आपटलं आणि दिवा लागला!

"लागला हो, लागला!"

"लोड वाढवू नका!" नवरोबा बाहेरून ओरडले. "पंखा नको, फ्रिज नको!"

सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं. "शेजारी तर पंखा गरगर फिरतोय."

"इन्व्हर्टर असेल त्यांच्याकडे," म्हणत सूनबाई घामाघूम अवस्थेत लॅपटॉपसमोर बसल्या.

"मॅडम, काही ऐकू येत नाही. जरा मोठ्याने!" पडद्यावरच्या तिघांपैकी मधले साहेब म्हणाले. "ग्रंथालयच का निवडलंत?"

"कारण मला शांतता फार आवडते!" सूनबाई बेंबीच्या देठापासून ओरडल्या.

"काय आवडते?"

"शांतता! शां-त-ता!"

तेवढ्यात जनरेटरने दोन उचक्या दिल्या आणि तो थांबला. पण सूनबाईंचं पुढचं वाक्य सुटलं होतं. "मोठ्याने बोलणारी माणसं मला मुळीच सहन होत नाहीत!!"

पडद्यावरचे तिघेही खुर्चीसकट मागे सरकले. मुलाखत तिथेच आटोपली.

नवरोबा हात पुसत आत आले. "पेट्रोल संपलं गं. ऐन वेळी... पण मग हा दिवा कसा चालू?"

सगळ्यांनी दांड्याकडे पाहिलं. तो वरच होता, जागचा तसूभरही न हललेला. टोकाला पिठाचा ठिपका मात्र लागला होता. वीज आपली आपणच आली होती, नेमकी लाटण्याच्या मुहूर्तावर!

सूनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझंच चुकलं," नवरोबा पुटपुटले, "आत येऊन एकदा बघायला हवं होतं." आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी पंखा लावला.

पुढच्या आठवड्यात कॉलेजचा फोन आला. ग्रंथालयाची जागा भरली होती. पण क्रीडाविभागात, मुलांना मैदानाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजाचं माणूस हवं होतं, आणि साहेबांनी सूनबाईंचंच नाव सुचवलं होतं.

"घे गं डोळे मिटून," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं तुला छान जमतं."