मानेखालचं गोरेपण

खाज ही मानवजातीतली एकमेव व्याधी आहे, जी नेहमी शेजाऱ्याला होते. आपल्याला होतं ते घामोळं, उष्णता, नाहीतर नवीन साबण. गोंडपिपरी तालुक्यातल्या मौजा टेंभबोडीने हे तत्त्व मोठ्या निष्ठेने पाळलं होतं. गावच्या आशाताई ललिता यांनी घरोघर फिरून खरुजेची पाहणी केली, तिचा निष्कर्ष असा : घरं ८३, माणसं ४१२, खाज असलेली शून्य, 'नाई' असं सांगताना खाजवत असलेली २९७. (उरलेल्यांचे हात कामात होते.)

गावात खरं बोलणारा एकच माणूस निघाला, आणि तोही भीतीपोटी. सोमाजी हा बोडीत, म्हणजे गावतळ्यात, जाळं टाकून मासे धरून पोट भरणारा साधा गडी. त्याच्या मुलीचं, साधनाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. सोयरीक वडशाची, आणि वरमाय अशी की पसंतीच्या दिवशी तिने पोरीचे हात उजेडात धरून, तांदूळ निवडावेत तसे निरखले होते. तेव्हा हात स्वच्छ होते. आता बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठलं होतं, मलम लावून गेलं होतं आणि आठ दिवसांत परत आलं होतं. वडशाला कळलं तर सोयरीक मोडणार, हीच सोमाजीची भीती होती.

त्याने दवाखान्यात जाऊन खरं ते सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनीही त्याला स्पष्ट सांगितलं. एकट्या पोरीला लावून भागणार नाही. जवळ बसणाऱ्या-उठणाऱ्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, सकाळी आंघोळ करायची, कपडे-अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालायची, आणि आठवड्याने हे सगळं पुन्हा. सोमाजीने मनात हळदीचा हिशेब मांडला : काकवा सात, माम्या पाच, आत्या चार, शेजारणी मोजायच्याच नाहीत. साधनाच्या अंगाला कमीत कमी चाळीस हात लागणार होते आणि त्यांतल्या एकाही हाताला खाज नव्हती. आता या निरोगी हातांना औषध लावायचं कोणत्या तोंडाने सांगणार?

ललिताबाई मलमांचं खोकं घेऊन त्याच्या अंगणात आल्या, तेवढ्यात कुंपणावरून गुणाबाई डोकावली. गुणाबाई ही टेंभबोडीची अधिकृत प्रसारण व्यवस्था आहे (तिला रेंज लागत नाही).

"काय आहे जी ह्याच्यात?"

खरूज म्हटलं असतं तर दिवस मावळायच्या आत वडशाला पोचलं असतं. सोमाजीच्या तोंडून निघून गेलं, "गोरं व्हायचं मलम आहे. सरकारी."

तासाभरात अंगणात एकसष्ट माणसं जमली. खाज नसलेल्या त्या गावात काळेपणा मात्र उदंड निघाला. पण जो तो तोंड पुढे करून उभा होता, आणि हे मलम तर मानेखाली लावायचं. ललिताबाईंनी एकदा सोमाजीकडे रागाने पाहिलं, मग पदर खोचला आणि शास्त्र सांगायला घेतलं.

"तोंडाले नाई लावाचं. रंग खालून वर चढते, कंदिलाच्या वातीत तेल चढते तसा. पाय सोडला तं वर काईच नाई येत."

"आन् घरातल्या एखाद्यानं नाईच लावलं तं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तं बाकीच्याइचा काळेपणा त्याच्यावर जाऊन बसते."

हे ऐकून एक्याऐंशी वर्षांचे देवाजी, ज्यांनी आयुष्यभर तोंडाला पावडरसुद्धा लागू दिली नव्हती, काठी टेकत रांगेत सर्वांत पुढे आले. "मले दे वो बाई पयले. साऱ्या घराचा काळेपणा मी काऊन घेऊ?"

अंथरुणांचंही ठरलं. अंगातून निघालेला काळेपणा चादरीत दबा धरून बसतो, तो उकळला नाही तर परत चढतो. त्या शनिवारी टेंभबोडीत एकाच रात्री ४१२ माणसांनी मलम लावलं आणि रविवारी घरोघरी चुलीवर चादरी शिजल्या. आठ दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टरांची कोणतीही सूचना एवढ्या काटेकोरपणे याआधी कुणी पाळल्याची नोंद नाही.

यायचीच होती ती तक्रार दहाव्या दिवशी आली. गाव ललिताबाईंच्या दारात जमलं आणि म्हणालं, मलम बोगस आहे, कोणाले काईच फरक पडला नाई. ललिताबाईंनी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला : आधी खाज असलेले शून्य, आता खाज असलेले शून्य, औषधाचा लाभ शून्य. त्या रात्री टेंभबोडीत सगळे गाढ झोपले होते, पण झोपेसाठी अहवालात जागा नसते.

हळद निर्विघ्न लागली. चाळीस हात लागले आणि साधनाची बोटं स्वच्छ राहिली. लग्नाच्या आदल्या सांजेला वडशाचं वऱ्हाड येऊन शाळेत उतरलं. वरमायने सोमाजीला बाजूला बोलावलं.

"भाऊ, तुमच्या गावात ते गोरं व्हायचं मलम भेटते म्हणते," ती हळूच म्हणाली. "आमच्या घरचे अकरा जणं आहो. नवरदेवाच्या, आमच्या स्वप्निलच्या, बोटाच्या बेचक्यात तं लयच काळं आहे. रात्री झोपूच नाई देत बिचाऱ्याले."

सोमाजीच्या जिवात जीव आला आणि लगेच पळालाही, कारण पोरीचा हात उद्या त्याच बोटांत द्यायचा होता. तो धावत ललिताबाईंकडे गेला आणि अकरा ट्यूबा घेऊन आला. "बाई, आज रात्रीच लावा साऱ्याइनं. मानेखालून. तोंडाले नाई." दुसऱ्या दिवशी मुहूर्त तासभर पुढे गेला, कारण नवरदेवाचे उकळलेले कपडे तारेवरून उतरायला तयार नव्हते. गुरुजी चिडले. सोमाजी मात्र मांडवात बसून आनंदाने रडत होता.

वाचकांपैकी कुणाला खाज नाही, याची आम्हाला पूर्ण खात्री आहे. पहिल्या ओळीपासून इथवर येताना आपला हात जिथे जिथे गेला, तिथे तिथे आपण थोडे काळे आहात, एवढंच.